गंगापूर रोडची हॅलोविनची संध्याकाळ: गोष्टी शंभर नंबरी, पुडीला मात्र शून्य

मुलांना चारशे रुपये, मोठ्यांना दोनशे, खाणं धरून. वेळ साडेसहा ते साडेनऊ. जागा नाशिकच्या गंगापूर रोडला, सोमेश्वरकडे जाताना आत वळलं की एका बंगल्याचं अंगण आणि वरची गच्ची. बंगल्यातल्या बाई एरवी घरगुती खाण्याच्या ऑर्डरी घेतात आणि वर्षातून एकदा हा हॅलोविनचा घाट घालतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे एकदोन गोष्टींवर चांगलीच कुरकुर करणार आहे आणि बाई मनाने भल्या आहेत.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझी कुरकुर कुठून येते ते कळेल. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर नाही. लाळ ओढायची नळी धरते, सिमेंट कालवते, खुर्चीत रडणाऱ्या पोरांचे हात धरते, आणि ‘आमचा मुलगा गोड खातच नाही हो’ म्हणणाऱ्या आयांच्या पर्समधून बिस्किटाचा पुडा डोकावताना बघते. त्यामुळे कुठेही ‘हेल्दी’ अशी पाटी दिसली की मी चष्मा काढते आणि नीट वाचते. बरोबर भावाची दोन्ही मुलं होती, ओवी नऊ वर्षांची आणि शौनक सहाचा. वहिनीने निघताना मला एवढंच सांगितलं, “ताई, हे भुताखेतांचं आपल्यात नाही, पण तुम्ही आहात म्हणून सोडतेय.”

आपल्यात नाही हे खरं, आणि खोटंही. 2024 साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले होते. पहाटे अंगणात कारीट फोडून नरकासुर मारायचा आणि संध्याकाळी भुताचा मुखवटा घालायचा, अशी ती तारीख होती. 2025 साली मात्र दिवाळी आधीच उरकली आणि हॅलोविन शुक्रवारी एकटंच आलं. घरात फराळाचे डबे तळाला गेलेले, मुलांची सुट्टी संपत आलेली, म्हणून मलाही वाटलं, चला.

बाई नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं अमेरिकेत होत्या. सुरुवातीला त्यांनी मुलांना या सणाची गोष्ट सांगितली ती मोजकी आणि नेमकी. आयर्लंडमध्ये सुगी संपून थंडी लागायच्या वेळी साविन नावाचा सण असे. त्या रात्री मेलेले आपल्या घराकडे फिरकतात अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस 1 नोव्हेंबरला ठरला, त्याची आदली रात्र म्हणून 31 ऑक्टोबर. तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश माणसं अमेरिकेत गेली तेव्हा त्यांना तिथे भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा, मग सलगम मागे पडला. एवढं सांगून बाई म्हणाल्या, “आणि आपल्याकडे सर्वपित्रीला काय करतात?” तर एक मुलगा ओरडला, “कावळ्याला जेवायला बोलवतात!” मोठी माणसं हसली. मला तेव्हा कल्पना नव्हती की रात्रीची खरी गोष्ट त्याच कावळ्यापाशी जाणार आहे.

सजावटीवर फार शब्द घालवत नाही. ऑनलाइन मागवलेली कापसाची जाळी, प्लास्टिकचे कोळी, गच्चीच्या दोरीवर पांढऱ्या ओढण्या. स्पीकरवर सारखं किंचाळण्याचं संगीत होतं, ते पहिल्या दहा मिनिटांत बंद केलं असतं तरी चाललं असतं. पण कोरलेलं डांगर, म्हणजे आपला लाल भोपळा, मात्र बघण्यासारखं. आपलं डांगर अमेरिकेतल्या कोरायच्या भोपळ्याइतकं पोकळ नसतं, गर जाड आणि साल टणक. बाईंच्या यजमानांनी डोक्यावरची चकती चक्क कोयत्याने उडवली, आणि आतला गर कालथ्याने खरवडताना त्यांना घाम फुटला. एक डोळा वर, एक खाली. तोंडात चार दात ठेवायचे होते, त्यातला समोरचा एक सुरी घसरून तुटला. शौनकने जवळ जाऊन बघितलं, स्वतःच्या पुढच्या फटीला जीभ लावली आणि जाहीर केलं की भुताचाही दात पडलाय. आत दिवाळीची उरलेली पणती. अर्ध्या तासाने झाकणाची खालची बाजू भाजून तिचा असा काही खमंग वास सुटला की लोक त्याच्याभोवतीच उभे राहायला लागले.

खरवडलेला गर वाया गेला नव्हता. त्याचे घारगे होते, आणि या संध्याकाळचे पैसे एका घारग्यात वसूल झाले असं मी म्हणेन. किसलेला भोपळा गुळात शिजवून त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी, वरून खसखस, पाण्याचा थेंब नाही. गूळ बेताचा, जायफळ पुढेपुढे करत नव्हतं, कडा कुरकुरीत आणि मधला भाग मऊ. बाईंनी काही घारग्यांना तळण्याआधी बोटाने दोन भोकं आणि सुरीने एक तोंड पाडलं होतं, तेलात पडल्यावर प्रत्येकाचा चेहरा वेगळाच वाकडा झाला. ओवीने रडका शोधून घेतला.

नाचणीच्या खाऱ्या शंकरपाळीच्या पिठाची बोटं होती, टोकाला बदामाचं नख. दिसायला भयंकर, चावायला त्याहून. माझ्यासमोर एका आजोबांनी नख काढून खिशात टाकलं आणि बोट पठ्ठ्याने चहात बुडवलं. भोपळ्याच्याच बिया धुऊन, वाळवून, तिखटमिठावर भाजलेल्या, त्या उत्तम. बीट घातलेलं ताक ‘रक्त’ म्हणून काचेच्या पेल्यांत मांडलेलं. मुलांनी नाकं मुरडत घेतलं आणि परत मागितलं. आले-जिरे नीट लागलं होतं, साखर नव्हती. अशा पार्ट्यांत हटकून लाल सरबत असतं, साखर आणि आंबट एकत्र, म्हणजे दातांवर दुहेरी मार. ते इथे नव्हतं याबद्दल बाईंना पूर्ण गुण.

पण बाजी मारली ती उकडलेल्या शिंगाड्यांनी. ऑक्टोबर संपताना मंडईत टोपल्या भरून येतात आणि आपण बघून पुढे जातो. काळाकुट्ट, दोन शिंगं फुटलेला शिंगाडा हातात उभा धरला की थेट वटवाघळाचं डोकं. त्याला कापसाच्या जाळीची काय गरज? एका परातीत मिठाच्या पाण्यात उकडून वाफाळते ठेवले होते. शहरातल्या अर्ध्या मुलांनी शिंगाडा पहिल्यांदाच पाहिला, मग तो सोलायचा कसा याचं शिक्षण सुरू झालं. एक बाबा दातांनी फोडून दाखवायला लागले तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. दात हे अडकित्ते नव्हेत हो, दवाखान्यात अशानेच तुटलेल्या दाढा येतात. सुरीने शिंगांच्या मधोमध चीर द्यायची आणि अंगठ्याने साल उलटायची, पांढरा गर अख्खा बाहेर येतो.

आता पहिली कुरकुर. टेबलाच्या टोकाला खजूर, गूळ आणि तिळाचे काळे गोळे होते, नाव ‘भुताचे डोळे’. चवीला झकास. पुढे पाटी: ‘साखर नाही! दातांसाठी उत्तम!’ ही पाटी मला अजिबात पटली नाही. गूळ होतो उसाच्या रसातून आणि साखरही होते उसाच्या रसातूनच. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं राहत असतील, पण त्याचा मोठा हिस्सा साखरेचाच असतो. खजुरात त्याची स्वतःची साखर, वर तो चिकट. दातावरच्या जंतूंना ती कुठल्या पिशवीतून आली याच्याशी देणंघेणं नसतं. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून खनिजं सुटायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल शमवते आणि सुटलेलं थोडंफार परत भरूनही काढते, पण त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. चिकट पदार्थ दाढेच्या खाचेत बसला की तो अर्धा तास सुरूच होत नाही. बाईंना मी हे तिथेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाटी उलटी करून ठेवली आणि म्हणाल्या, “पण लाडू घ्या की तुम्ही एक.” मी घेतला. जेवणाबरोबर खाल्लेल्या लाडवाशी माझं भांडण नाही, भांडण पाटीशी होतं.

याच टेबलाशेजारी दातांचा कोपरा होता. बाईंच्या ओळखीतल्या एक तरुण डॉक्टरीण आल्या होत्या. भाषण नाही, तक्ता नाही, किडक्या दाताचं घाबरवणारं चित्रही नाही. त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक गोळी चघळायला दिली. या गोळीत रंग असतो, दात स्वच्छ असेल तिथे तो धुऊन जातो आणि दातावर किटण असेल तिथे चढून बसतो. ताज्या थराला गुलाबी, जुन्याला जांभळट निळा. मग हातात आरसा. ‘दातावरची भुतं पकडा’ असं त्या खेळाचं नाव, आणि मुलांची एवढी झुंबड की मोठ्यांनाही गोळी हवीशी झाली. ओवी स्वतःला दात घासण्यात घरातली पहिली समजते. तिच्या समोरच्या दातांवर काही नव्हतं, पण खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडून, निळी रेघच्या रेघ. ती आरशात बघत राहिली आणि मग शौनकचं तोंड उघडायला धावली.

शौनकची दाढ बघून डॉक्टरीणबाईंनी वहिनीसाठी निरोप दिला तो इथे सगळ्यांसाठी लिहिते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, गुपचूप येते, म्हणून घरच्यांना वाटतं हीही दुधाचीच, पडेल आणि नवी येईल. नाही, ती कायमची. तिच्या खाचा खोल असतात, आणि मुलाचा ब्रश सहसा तिथवर पोचत नाही. तेव्हा रात्रीचा ब्रश आपण स्वतः मारून द्यायचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटारएवढी पेस्ट, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे ना हे ट्यूबवर वाचायचं, कारण मुलांच्या नावाने मिळणाऱ्या काही रंगीत पेस्टमध्ये ते नसतंच. आणि घासून झाल्यावर थुंकायचं, गडगडा चुळा भरून सगळं धुऊन टाकायचं नाही.

या कोपऱ्यातली गैरसोय एकच: रंग काढायला बेसिन एक आणि पोरं वीस-पंचवीस. रांगेत ढकलाढकली, कुणाच्या फ्रॉकवर गुलाबी थुंकी, कुणाच्या शर्टावर. ओठांचा रंगही लगेच जात नाही. पुढच्या वेळी अंगणातल्या नळापाशी दोन बादल्या ठेवल्या तरी काम होईल. जाणार असाल तर मुलांना चांगले कपडे घालू नका.

साडेआठला दिवे गेले, म्हणजे मुद्दाम घालवले. सतरंज्या, डांगर मध्ये, आणि खुर्चीवर बाईंच्या सासूबाई. ऐंशी पार केलेल्या, नऊवारी नाही, साधी फिकी पाचवारी, पायात मोजे. शेजारी पाटावर कापडाने झाकलेलं काहीतरी. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी जमेल तेवढी त्यांच्याच पद्धतीने देते.

आजींचं माहेर जुन्या नाशकातलं, तांबटांचं. पुढच्या पडवीत काम, मागे घर. आजोबा गेले तेव्हा त्या लहान होत्या. आजोबांचा एक हंडा मठारायचा अर्धा राहिला होता. मठार म्हणजे काय ते आजींनी मुलांना हाताने दाखवलं: भांडं लोखंडी खुंटावर धरायचं आणि बुडापासून वरपर्यंत एकाला एक लागून ठोक्यांच्या रांगा घालत जायच्या. ठोके पडले की पत्रा कडक होतो आणि चमक येते. आजोबांच्या ठोक्यात केसाचंही अंतर पडत नसे.

घरात सुतक, चूल बंद, जेवण शेजारून येतंय. रात्री सगळे झोपले आणि पडवीतून आवाज आला. टण. टण. टण. मग थांबला. मग परत टण, टण. “मधे का थांबायचा माहितीय?” आजींनी विचारलं. कुणीच बोललं नाही. “हंडा फिरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच थांबायचा.”

माझ्या दंडावर काटा आला तो इथे.

आजींची आजी अंधारातच म्हणाली, “कुणी उठायचं नाही. त्यांचं काम आहे.” सकाळी आळीतले लोक विचारायला आले, सुतकात हातोडा कोण मारतंय? दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.

दहाव्याला सगळे रामकुंडावर. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर रांगेने बसलेले, पण एकही खाली उतरेना. मोठ्या काकांनी हात जोडून सांगितलं, बहिणीचं लग्न करून देईन. कावळे बसलेले. दुसऱ्याने सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे बसलेले. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, कुणीतरी म्हणालं दर्भाचा कावळा करा आणि उरका. तेव्हा सगळ्यात धाकटा काका, सोळा वर्षांचा, ज्याला आजोबांनी तांब्यापलीकडे कधी काही मठारू दिलं नव्हतं, तो पुढे आला आणि गेलेल्या वडिलांना म्हणाला, “दादा, हंडा मी पुरा करतो.”

“बोलायचा अवकाश,” आजी म्हणाल्या, “आणि कावळा शिवला.”

तेरावं झाल्यावर काका हंड्याला बसला. ठोके वाकडे, हाताला फोड. चार दिवस बसून खांद्यापर्यंत आला. गळ्याखालची शेवटची एक रांग राहिली, ती उद्या घालू म्हणून झोपला. सकाळी उठून बघतो तर शेवटची रांग घातलेली. त्यानंतर पडवीतून रात्री आवाज आला नाही.

मग आजींनी पाटावरचं कापड काढलं. हंडाच होता. “या, हात लावून बघा.” मुलं एकमेकांना ढकलत पुढे झाली. मी ओवीच्या मागून वाकून हात लावला. बुडापासून अर्ध्यापर्यंत बोटांना काही अडत नाही, ठोके एकसारखे. त्याच्या वर बोट अडखळतं, ठोके लहानमोठे, रांगा तिरक्या. आणि अगदी गळ्याखाली, एकच रांग, परत एकसारखी. ओवीने तिथे बोट ठेवलं आणि चटकन काढून घेतलं.

त्या शांततेत आजींनी मान खाली घातली, हळूच वर केली, आणि खालची कवळी जिभेने बाहेर ढकलली. किंकाळ्या सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत ऐकू गेल्या असतील. शौनक माझ्या मांडीवर उडी मारून बसला आणि मग हसून हसून लोळला. धंद्याने सांगते, कवळी उत्तम बसवलेली आहे. एवढं बाहेर काढून एका झटक्यात आत घेणं प्रत्येकाला जमत नाही.

कार्यक्रम पांगत असताना मी आजींजवळ जाऊन बसले. विचारलं, शेवटची रांग कुणी घातली असेल? त्या म्हणाल्या, “माझ्या आजीलाही मठार येत होती बरं का. आजोबांचे डोळे गेल्यापासून निम्मं काम तीच करायची. बायकांचा हात कोण हिशेबात धरतो.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “पण हे पोरांना सांगायचं नाही.” लहान मुलं हे वाचणार नाहीत असं धरून मी लिहिलंय.

पुढच्या गोष्टी ठीक. पेठकडच्या एका बाबांनी चकव्याची सांगितली, स्वतःच्याच शेताच्या बांधावरून त्यांचे वडील रात्रभर चालत राहिले आणि उजाडल्यावर कळलं की विहिरीभोवती फिरत होते. चांगली होती, पण हंड्यानंतर काय टिकणार. मग मुलांची पाळी. एका मुलीने त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टची सांगितली, ती रोज रात्री चौथ्या मजल्यावर आपोआप थांबते आणि दार उघडतं, तिथे कोणी नसतं. तिचे बाबा मागून म्हणाले, “मेंटेनन्स थकलाय.” माझं बाईंना सांगणं आहे की पुढच्या वर्षी मुखवट्यांच्या स्पर्धेचा वेळ कापा आणि घराघरातल्या अशा गोष्टींना द्या. विकतचे मुखवटे सगळ्यांकडे सारखेच असतात. गोष्ट प्रत्येक घरात वेगळी असते, फुकट असते, आणि दाढेत अडकत नाही.

आता दुसरी, मोठी कुरकुर. निघताना दारात प्रत्येक मुलाच्या हातात नारिंगी कागदाची पुडी. उघडून बघितली: दोन लॉलिपॉप, जेलीचे कोळी, चार-पाच टॉफ्या, एक च्युइंगम. एवढे घारगे, एवढे शिंगाडे, तो आरसा आणि ती निळी रेघ, सगळं करून शेवटी हे? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, रिकाम्या हाताने पाठवलं तर आईबाप नावं ठेवतात.” ते मला समजतं. बारशापासून मुंजीपर्यंत आपण सगळीकडे पुडी देतो. पण ही पुडी त्या रात्री संपत नाही, तिथेच खरी मेख आहे.

दातांचा हिशेब किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं यावर जास्त चालतो. एका बैठकीत जेवणाबरोबर चार तुकडे खाल्ले तर आम्लाचा हल्ला एक. तेच चार तुकडे शाळेतून आल्यावर एक, अभ्यासाला बसताना एक, टीव्हीपुढे एक, झोपताना एक असे गेले तर हल्ले चार. आणि झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून शेवटचा सगळ्यात वाईट. लॉलिपॉप तर एकटाच वीस मिनिटं चालतो. हे कळलं कसं त्याची कथा हॅलोविनच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा अंगावर येणारी आहे. स्वीडनमध्ये लुंडजवळ व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्ण ठेवलेले असत. 1940च्या दशकात त्यांच्यावर प्रयोग झाला, काहींना जेवणाच्या मधल्या वेळात मुद्दाम चिकट टॉफी खायला दिली आणि दात किडताना मोजत बसले. त्या माणसांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. निष्कर्ष 1954 साली छापून आले: चिकट गोड, जेवणाच्या मधे मधे, हे सगळ्यात घातक. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही. त्यातून स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली, ती अजून चालते.

अमेरिकेतही हॅलोविनच्या पुडीवर उतारा शोधलाय. सण झाला की काही दातांचे डॉक्टर मुलांकडून उरलेल्या गोळ्या वजनावर विकत घेतात आणि सैनिकांना पाठवून देतात. सैनिकांच्या दातांचं काय, हा प्रश्न मला पडतोच, पण असो. बाई तिकडे राहून आल्यात, त्यांना हे माहीत असणार.

मग पुडीत काय द्यावं? मी बाईंना सुचवलं ते असं: मूठभर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, चार शिंगाडे, एक ब्रश, आणि गोड द्यायचंच तर एक घारगा, तो उद्या जेवणात खायचा असं सांगून. टॉफीऐवजी बिस्किटं वेफर्स नकोत, तेही दाढेत लगदा होऊन बसतात, आयांना ते दिसत नाही इतकंच. चणेफुटाणे चालतील. आजी मागून म्हणाल्या, “दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. द्या पोरांना, आहेत तोवर.” बाईंनी हो म्हटलंय. करतात का बघू.

आमच्या घरची पुडी वहिनीच्या ताब्यात गेली. लॉलिपॉप कामवाल्या मावशींनीही नको म्हटले. टॉफ्या शनिवारी दुपारच्या जेवणावर, लगोलग, मग पाण्याने खळखळून चूळ आणि रात्री ब्रश, असं ठरलं. जेलीचे कोळी ओवीने खाल्ले नाहीत, ते फ्रिजच्या दाराला चिकटवलेत आणि खरोखरच चिकटून राहिलेत.

बाकीचं पटापट. गाडी लावायला जागा नाही, गल्ली अरुंद, शेजारी वैतागतात. मुख्य रस्त्यावर लावून चालत या. गच्चीवर डास भरपूर, पायभर कपडे घाला. पावसाचा भरवसा नव्हता म्हणून ताडपत्री बांधली होती, ते शहाणपणाचं. चार वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, दिवे गेल्यावर दोन पिल्लं घाबरून रडली आणि त्यांच्या आयांची गोष्ट बुडाली. जेवण म्हणून जाणार असाल तर पोट भरणार नाही, घरी खिचडी टाकून जा. खाण्याला मी पाचपैकी चार देईन, दातांच्या कोपऱ्याला साडेचार, व्यवस्थेला अडीच, पुडीला शून्य. आजींना गुण देणारी मी कोण.

2026 साली 31 ऑक्टोबर शनिवारी येतोय आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात बाई फराळाच्या ऑर्डरींत बुडालेल्या असणार. तेव्हा जायचं असेल तर दसऱ्याच्या सुमारालाच विचारून ठेवा, आणि नाव नोंदवताना आजी गोष्ट सांगणार आहेत ना, हे आधी विचारा.